सायकलवरून नेलेली डॉक्टरांची चिठ्ठी

जून महिन्यात शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात एखादी तरी आई माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहते. एका हातात मुलाचा हात, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची छोटी पिशवी. "मॅडम, इसको पीटी में दौडाओ मत. इसको दमा है." पिशवीत निळा पंप असतो. तो कधी द्यायचा, किती वेळा दाबायचा, दाबल्यावर श्वास किती रोखायचा, हे ती मला समजावून सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा अख्ख्या शाळेत अशी एक-दोन मुले असत. गेल्या वर्षी माझ्या एका वर्गातच तीन होती. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे, एका शिक्षिकेची मोजदाद आहे. पण कोणाचा पंप दप्तराच्या कोणत्या कप्प्यात आहे हे जिला पाठ ठेवावे लागते, तिच्यासाठी हवेचा विषय पुस्तकातला राहत नाही.

म्हणून हवाप्रदूषणाचा धडा आला की मी मुलांना इंग्लंडमधल्या एका सायकलफेरीची हकीकत सांगते. ती फेरी खेळाडूंनी काढली नव्हती. लहान मुलांच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या डॉक्टरांनी, नर्सनी आणि इतर कर्मचाऱ्यांनी काढली होती. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी ते लंडनहून निघाले आणि ३१ ऑक्टोबरला स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात पोहोचले. आठ दिवस, सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई ते नागपूर. माणसे सत्तरच्या आसपास. ग्लासगोत त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद सुरू होत होती. जगभरचे पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष आणि मंत्री तिथे जमणार होते. डॉक्टरांना त्यांच्या हातात एक चिठ्ठी द्यायची होती.

फेरीचे नाव 'राइड फॉर देअर लाइव्ह्ज', म्हणजे त्यांच्या जिवासाठी सायकलफेरी. त्यांच्या म्हणजे मुलांच्या. ती सुरू करण्यात डॉ. मार्क हेडन यांचा पुढाकार होता. लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हे मुलांचे नावाजलेले रुग्णालय १८५२ सालापासून चालू आहे. हे डॉक्टर तिथल्या अतिदक्षता विभागात काम करतात. वॉर्डात मूल श्वासासाठी तडफडत असताना त्याला ऑक्सिजन लावणे हे त्यांचे रोजचे काम. मग असा माणूस वॉर्ड सोडून सायकलवर का बसला?

त्याचे उत्तर समजायला लंडनच्याच एका मुलीची हकीकत आधी सांगावी लागेल. फेरी तिच्या नावाने निघाली नव्हती. पण ब्रिटनमधल्या डॉक्टरांना आपल्या कामाकडे वेगळ्या नजरेने बघायला लावले ते या मुलीने.

एला अडू-किसी-डेब्रा तिचे नाव. लंडनच्या आग्नेयेला लुइशम भागात ती आई आणि भावंडांसोबत राहायची. घरापासून तीस मीटरच्या आत साउथ सर्क्युलर नावाचा रस्ता. रात्रंदिवस मोटारी, ट्रक, बस. सहा वर्षांची होईपर्यंत मुलगी ठणठणीत होती. २०१० साली तिला खोकला लागला आणि तो गेलाच नाही. पुढच्या सव्वादोन वर्षांत दम्याच्या झटक्याने तिला जवळजवळ तीस वेळा रुग्णालयात दाखल करावे लागले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी ती गेली. वय नऊ वर्षे.

तिची आई रोझमंड पेशाने शिक्षिका. मुलगी गेल्यानंतर २०१४ साली मृत्यूची जी चौकशी झाली, तिच्यात कारण लिहिले गेले तीव्र दमा. हवेचा उल्लेख नाही. पण रोझमंड यांनी विषय सोडला नाही. प्राध्यापक स्टीफन होलगेट यांनी त्या भागातल्या हवेच्या नोंदी आणि मुलीच्या दवाखान्यातल्या तारखा शेजारीशेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा हवा वाईट होण्याचा आणि मुलीला दाखल करण्याचा संबंध दिसू लागला. २०१९ साली उच्च न्यायालयाने जुना निष्कर्ष रद्द केला आणि नवी चौकशी झाली. १६ डिसेंबर २०२० रोजी कॉरोनर फिलिप बार्लो यांनी निकाल दिला की एलाच्या मृत्यूला हवेचे प्रदूषण कारणीभूत ठरले आहे. कॉरोनर म्हणजे मृत्यूचे कारण ठरवणारा न्यायिक अधिकारी. ब्रिटनमध्ये मृत्यूचे कारण म्हणून हवाप्रदूषण अशा रीतीने कागदावर येण्याची ही पहिली वेळ होती.

त्या निकालातली एक गोष्ट वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. कॉरोनरनी म्हटले की तिच्या आईला हवेच्या धोक्याची माहिती कोणी दिलीच नव्हती. दिली असती तर तिने अशी पावले उचलली असती, ज्यांनी कदाचित मूल वाचले असते. तीसेक वेळा रुग्णालयात गेलेल्या मुलीच्या आईला एकदाही कोणी म्हणाले नाही की बाई, घरासमोरच्या रस्त्याचे काहीतरी करा, नाहीतर घर बदला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये कॉरोनरनी जो अहवाल काढला, त्यात सरकारला हवेच्या मर्यादा कायद्याने बांधून घ्यायला सांगितले. आणि डॉक्टरांच्या संस्थांनाही सांगितले की हवेच्या दुष्परिणामांची माहिती रुग्णांपर्यंत नीट पोहोचत नाही, तिकडे लक्ष द्या.

अहवाल एप्रिलचा, सायकलफेरी ऑक्टोबरची. डॉक्टरांनी बोलायचे ठरवले होते. आईबापांशी तर बोलायचेच, पण ज्यांच्या हातात रस्ते, वीज आणि इंधन आहे त्यांच्याशीही.

इथे वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, धूर वेगळा आणि हवामान बदल वेगळा ना?" पुस्तकात ते दोन वेगळे धडे आहेत, म्हणून मुलांना तसे वाटते. मी फळ्यावर एक धुराडे काढते आणि त्यातून दोन बाण. कोळसा, डिझेल किंवा पेट्रोल जळले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो वर जातो, शेकडो वर्षे राहतो आणि पृथ्वीला गोधडीसारखा लपेटून तापवतो. त्याच धुराड्यातून काजळीचे बारीक कण निघतात. ते वर जात नाहीत, आपल्या गल्लीतच राहतात. त्यांतले सर्वांत घातक कण अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात. डोक्यावरचा केस त्यांच्यापेक्षा वीसएक पट जाड असतो. म्हणून नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी आणि तिथून रक्तात जातात. एक बाण नातवंडांच्या पिढीला लागतो, दुसरा आजच संध्याकाळी लागतो. धुराडे एकच.

आणि मुले मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात. त्यांची उंची कमी, म्हणजे नाक गाड्यांच्या धुराच्या नळीच्या जवळ. फुप्फुसे अजून वाढत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रदूषित हवेने, घरातली चूल आणि बाहेरचा धूर मिळून, वर्षाला सुमारे ७० लाख लोक वेळेआधी मरतात. चुलीचा धूर यात आहे, ही गोष्ट आपल्या आया-बहिणींनी लक्षात घेण्याजोगी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे फेरीच्या महिनाभर आधी, या संघटनेने बारीक कणांची वर्षभराची सरासरी मर्यादा निम्म्यावर आणली. हवेच्या एका घनमीटरमध्ये १० ऐवजी ५ मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. हा आकडा मी फळ्यावर लिहिते तेव्हा मुलांना वाटते की माझी काहीतरी चूक झाली.

आता त्या चिठ्ठीविषयी. आपल्याकडे डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनला आपण चिठ्ठीच म्हणतो. या लोकांनीही आपल्या पत्राला तेच नाव दिले होते, निरोगी हवामानासाठी प्रिस्क्रिप्शन. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी ते जाहीर झाले. जगभरातल्या ३०० हून अधिक संस्थांनी त्यावर सही केली होती. या संस्थांच्या सभासदांची संख्या जमेस धरली तर साडेचार कोटी डॉक्टर, नर्स आणि आरोग्य कर्मचारी होतात. जगातल्या एकूण आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दोन तृतीयांश. सरकारांनी कोळसा, तेल आणि वायू यांच्यापासून दूर व्हावे, सर्वांत जास्त धूर सोडलेल्या श्रीमंत देशांनी सर्वांत जास्त कपात करावी आणि गरीब देशांना ठरलेले पैसे द्यावेत, ही त्यातली औषधे. सोबत जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल होता. त्यात दहा शिफारशी. एक शिफारस अशी की शहरांत लोकांना पायी, सायकलने आणि सार्वजनिक वाहनाने जाता यावे अशी सोय करा.

हे कागद ई-मेलने एका क्षणात गेले असते. ते सायकलवर का न्यायचे? मला वाटते, अर्ज टपालाने पाठवणे आणि सगळ्या गावाने चालत जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवणे यांतला फरक आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही.

रस्ता सोपा नव्हता. ऑक्टोबरच्या शेवटी त्या बाजूला दिवस लहान होतात, थंडी पडू लागते. त्याच आठवड्यात इंग्लंडच्या उत्तरेकडचा कंब्रिया भाग आणि स्कॉटलंडची दक्षिण बाजू मुसळधार पावसाने झोडपून निघाली, नद्यांना पूर आले. ३१ ऑक्टोबरला तर वादळाने रेल्वेमार्गावर झाड पडले आणि लंडनहून ग्लासगोकडे जाणाऱ्या गाड्या रखडल्या. हवामान परिषदेला निघालेले कितीतरी लोक लंडनच्या युस्टन स्थानकावर अडकून पडले. काहींनी शेवटी विमान गाठले. बडे पाहुणे तर खासगी विमानांनीच येत होते. त्याच दिवशी डॉक्टरांच्या सायकली ग्लासगोत शिरल्या. वर्गात हा भाग सांगताना मुले टाळ्या वाजवतात, आणि मी त्यांना अडवत नाही.

सायकलने येणारे ते एकटे नव्हते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या डेव्हन परगण्यातून सोळा वर्षांची एक शाळकरी मुलगी ५७० मैल सायकल चालवत ग्लासगोला आली होती. आमच्याकडे मुलगी वयात आली की तिची सायकल अंगणात उभी राहते आणि पुढे धाकट्या भावाला मिळते. त्यामुळे मुलींच्या बाकांवर या वाक्यानंतर जी कुजबुज होते ती मी ऐकून न ऐकल्यासारखे करते.

एक योगायोगही सांगते. फेरी निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २५ ऑक्टोबर २०२१ ला, लंडनमध्ये जुन्या धूर ओकणाऱ्या गाड्यांवरील दैनिक शुल्काचा पट्टा वाढवण्यात आला. गाडी मर्यादेत बसत नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड भरायचे. पट्ट्याची नवी हद्द होती साउथ सर्क्युलर, एलाच्या घराजवळचा रस्ता. पण हद्द रस्त्याच्या आतल्या कडेपर्यंतच होती, खुद्द तो रस्ता पट्ट्यात नव्हता! तो रस्ता आणि सारे लंडन या नियमाखाली आले ते ऑगस्ट २०२३ मध्ये.

मग चिठ्ठी दिल्यावर रोग्याने औषध घेतले का? थोडे घेतले, बरेच टाळले.

परिषदेतच सुमारे ५० देशांनी आपली आरोग्यव्यवस्था हवामानाला तोंड देण्याजोगी आणि कमी धुराची करण्याचे मान्य केले. हे डॉक्टरांच्या खात्यातले यश. परिषदेच्या अंतिम ठरावात कोळशाचे नाव पहिल्यांदाच आले, पण शेवटच्या घटकेला कोळसा बंद करण्याऐवजी कमी करण्याचा शब्द घातला गेला. ही दुरुस्ती भारताने मांडली होती. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा, जन्म आग्र्याचा, व्यासपीठावर माफी मागताना त्यांचा गळा दाटून आला. जगभर भारताला दोष दिला गेला. मला तो पूर्ण पटत नाही. शंभर-दीडशे वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या देशांनी वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचे वचन २०२० पर्यंत पुरे केले नव्हते, आणि ठरावात नाव फक्त कोळशाचे घातले, तेल आणि वायूचे नाही. पण हेही खरे की औष्णिक वीजकेंद्राजवळ राहणाऱ्या आपल्याच मुलांच्या फुप्फुसाला हा युक्तिवाद कळत नाही. भारताने त्याच परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. आज तिसरीत असलेली माझी मुले तेव्हा माझ्यापेक्षा वयाने मोठी असतील.

सायकलचे काय झाले? १० नोव्हेंबर हा परिषदेत वाहतुकीचा दिवस होता. चर्चा जवळजवळ सगळी विजेच्या मोटारींची. सायकल आणि पायी चालणे यांना त्या दिवसाच्या जाहीरनाम्यात जागाच नव्हती. सायकल संघटनांनी आरडाओरडा केला तेव्हा पायी, सायकलने आणि सार्वजनिक वाहनाने जाण्याचा उल्लेख एका वाक्यात आला. आठ दिवस पायडल मारून आलेल्या डॉक्टरांच्या पदरात एक वाक्य!

पण मला या लोकांचे जे सर्वांत आवडले ते वेगळेच आहे. दुसऱ्याला चिठ्ठी लिहिण्याआधी त्यांनी स्वतःच्या घराची झडती घेतली. जगातल्या एकूण उत्सर्जनापैकी चार टक्क्यांहून थोडे जास्त दवाखान्यांमुळे आणि औषधांमुळे होते. भूल देण्याचे काही वायू कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट तापवणारे असतात. आणि दम्याचा फवाऱ्याचा पंप, तोच जो माझ्या वर्गातल्या मुलांच्या दप्तरात आहे! औषध बाहेर ढकलायला त्यात जो वायू भरतात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडकवतो. ब्रिटनमधल्या हिशेबाप्रमाणे पाच फवारे म्हणजे साध्या मोटारीने चौदा-पंधरा किलोमीटर जाणे. धुराने मुलाला दमा, दम्यावर पंप, पंपाने हवा आणखी गरम. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०४० पर्यंत आपले स्वतःचे उत्सर्जन शून्यावर आणायचे ठरवले आहे, त्यात हे पंपही आले. जिथे चालेल तिथे आता पावडरचा पंप देतात, आपल्याकडे कॅप्सूल टाकून ओढतात तसा. हे वाचून कोणी आपल्या मुलाचा पंप बंद करू नका किंवा आपल्या मनाने बदलू नका. लहान मुलांना पावडर जोराने ओढता येत नाही, त्यांना फवाराच लागतो. मूल आधी, बाकी नंतर, हे ते डॉक्टरही सांगतील.

रोझमंड यांची लढाई त्या परिषदेने संपली नाही. शुद्ध हवेचा हक्क कायद्याने मिळावा म्हणून एलाच्या नावाने ओळखले जाणारे विधेयक ब्रिटनच्या वरच्या सभागृहात मंजूर झाले, खालच्या सभागृहात अडले. कॉरोनरनी सुचवलेली मर्यादाही सरकारने सैल केली. बारीक कणांची १० ची पातळी गाठायला २०४० पर्यंतची मुदत स्वतःच घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने या कुटुंबाशी नुकसानभरपाईची तडजोड केली. मुलगी जाऊन तोवर साडेअकरा वर्षे झाली होती.

गेल्या वर्षी ही हकीकत सांगून झाल्यावर सातवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "मॅडम, चिठ्ठी फक्त डॉक्टरच लिहू शकतात का?" हा तोच, ज्याच्या अम्मीने पंपाची पिशवी आणून दिली होती. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीलगत कचऱ्याचा ढीग आहे. संध्याकाळी कोणीतरी तो पेटवतो आणि सकाळी प्रार्थनेच्या वेळीही त्यातून धूर येत असतो. प्लॅस्टिक, टायरचे तुकडे, सगळे. झाडूवाल्या मावशींना मुलांनी विचारले तर त्या म्हणाल्या, "गाडी येत नाही बाळा, मग काय करू?" म्हणजे दोष त्यांचा नव्हता.

मुलांनी चिठ्ठी लिहिली. एक प्रत मराठीत, एक उर्दूत. वर रोग्याचे नाव, 'आमच्या शाळेमागची हवा'. खाली तक्रार, 'सकाळी धूर, डोळ्यांत पाणी, तिघांना धाप'. औषध, 'कचरागाडी, दिवसातून एकदा, नियमाने'. एकेचाळीस सह्या. गाव लहान, नगरपालिका शाळेपासून अर्ध्या कोसावर. मुले शनिवारी शाळा सुटल्यावर सायकली घेऊन गेली, ज्यांच्याकडे नव्हत्या ती डबलसीट. मी आणि एक सर रिक्षाने मागे.

खिडकीतल्या कारकुनांनी आधी हसून कागद उलटसुलट पाहिला, मग आवक क्रमांक टाकून शिक्का मारून दिला. ती पोचपावती वर्गात फळ्याशेजारी चिकटवली आहे. गाडी सध्या आठवड्यातून दोनदा येते. मुले रोज सकाळी भिंतीवरून डोकावून पाहतात आणि फळ्याच्या कोपऱ्यात आली किंवा नाही ते खडूने लिहितात.